सालीचे कंपोस्ट घातल्यावर रोपे पिवळी का पडतात: कारणे आणि उपाय

झाडांच्या सालीचे तुकडे घालून केलेले कंपोस्ट वाफ्यात मिसळले की दोन-तीन आठवड्यांत रोपांची खालची पाने फिकट होत पिवळी पडू लागतात, वाढ थबकते आणि ज्या वाफ्याला सर्वांत जास्त खत दिले तोच वाफा इतरांच्या मागे पडतो, हा अनुभव मला सलग तीन हंगाम आला. पहिल्या हंगामात पाणी जास्त होत असावे असे समजून मी पाणी कमी केले. दुसऱ्या हंगामात, साल आम्लधर्मी असते एवढ्याच ऐकीव माहितीवर वाफ्यात चुना मिसळला, तेव्हा जुन्या पानांचा पिवळेपणा गेला नाहीच, उलट कोवळी पानेही पिवळी दिसू लागली. तिसऱ्या हंगामात खत अपुरे पडले असेल म्हणून त्याच ढिगातले आणखी चार घमेली खत वाफ्यात ओतले आणि रोपे अधिकच खुरटली. तिन्ही वेळा मी दोष वाफ्यात शोधत राहिलो, पण दोष ढिगात होता.

त्या ढिगातल्या सालीचा एक तुकडा हातात घेऊन मोडला असता तर उत्तर तेव्हाच मिळाले असते. सहा महिन्यांच्या ढिगातला तुकडा बाहेरून काळा, ओलसर, अगदी मुरलेल्या खतासारखा दिसत होता, पण मधोमध मोडल्यावर आतून तांबूस, कोरडा आणि कडक निघाला आणि त्याला ताज्या लाकडासारखा उग्र वास येत होता. म्हणजे जे खत म्हणून मी वाफ्यात घालत होतो, त्यातली साल फक्त कडेला कुजली होती आणि तिचे उरलेले कुजणे माझ्या रोपांच्या मुळांजवळ, रोपांच्याच वाट्याच्या नत्रावर चालू होते.

आधी निदान

साल कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि स्वतःची शरीरे बांधण्यासाठी नत्र लागते. सालीत कर्ब भरपूर असतो, पण नत्र अत्यल्प असते. कंपोस्टच्या ढिगात सुरुवातीला कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण २५ ते ३० भागांना १ भाग असावे असे मानतात, तर सालीमध्ये ते प्रमाण झाडाच्या जातीनुसार १०० पासून पुढे कित्येक शेकड्यांपर्यंत जाते आणि पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या सालीत ते रुंद पानांच्या झाडांपेक्षा सहसा जास्त असते. अशी अर्धवट साल मातीत गेली की सूक्ष्मजीव आपली नत्राची गरज आजूबाजूच्या मातीतून भागवतात आणि ते नत्र काही काळ त्यांच्या शरीरात अडकून पडते. पुढे ते मेल्यावर हेच नत्र मोकळे होते, त्यामुळे ते कायमचे गेलेले नसते. मात्र सालीच्या बाबतीत तोपर्यंत बहुधा हंगाम संपलेला असतो.

पिवळी पाने दिसली म्हणजे नत्रच अडकले असे मात्र लगेच ठरवू नये, कारण सालीच्या कंपोस्टमुळे पाने तीन वेगवेगळ्या कारणांनी पिवळी पडू शकतात आणि तिन्हींचे उपाय निराळे आहेत. नत्र कमी पडले तर रोप जुन्या पानांतले नत्र काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून आधी खालची पाने पिवळी पडतात आणि संपूर्ण पान एकसारखे फिकट होते. मातीचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, pH) फार वाढून लोह मिळेनासे झाले तर पिवळेपणा कोवळ्या पानांवर येतो, पण शिरा हिरव्या राहतात आणि मधला भागच पिवळा दिसतो. रुंद पानांच्या झाडांच्या सालीत कॅल्शियम बरेच असते आणि कुजताना तिचा सामू ७ च्या वर जाऊ शकतो, ही गोष्ट चुना घालण्याआधी मला ठाऊक असती तर दुसरा हंगाम वाचला असता. तिसरे कारण विषारी घटकांचे. ताज्या सालीतील टॅनिन, इतर फिनॉलिक द्रव्ये आणि राळेतील टर्पीन कोवळ्या मुळांना अपाय करतात. अशा वेळी बी उगवतच नाही किंवा उगवले तरी मुळांची टोके तपकिरी होऊन थांबतात.

हे तिन्ही प्रकार वेगळे ओळखण्यासाठी मी आता एक साधी चाचणी करतो आणि ती केल्याशिवाय सालीचे खत वाफ्यात घालत नाही. तीन लहान कुंड्या घ्याव्यात. पहिलीत केवळ बागेतली माती भरावी, दुसरीत दोन भाग माती आणि एक भाग संशयित खत, आणि तिसरीत दुसरीसारखेच मिश्रण भरून त्यात चिमूटभर पेंडीची बारीक पूड नीट मिसळावी. पेंड मिसळल्यावर सुरुवातीचे काही दिवस ती कुजताना अमोनिया सुटतो आणि कोवळ्या मोडांना बाधतो, म्हणून तिन्ही कुंड्या ओलसर ठेवून आठवडाभर थांबावे आणि मगच प्रत्येकीत मुळ्याचे दहा-दहा दाणे पेरावेत. मुळा काही दिवसांतच उगवतो आणि तीन आठवड्यांत पानांचा रंग सांगू लागतो. पहिली कुंडी हिरवी, दुसरी फिकट आणि तिसरी पुन्हा हिरवी असेल तर नत्र अडकले आहे. दुसरी आणि तिसरी या दोन्हींत दाणे कमी उगवले असतील तर खतात अजून विषारी घटक आहेत आणि त्यावर पेंड घालून काही उपयोग नाही, ढीगच आणखी मुरला पाहिजे. दोन्हींत उगवण चांगली होऊन कोवळ्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर सामू तपासावा. माझ्या बागेत तिन्ही हंगामांचे मूळ कारण पहिलेच निघाले.

आता पिवळ्या पडलेल्या वाफ्याचे काय करावे

रोपे आधीच वाफ्यात असतील तर माती पुन्हा उकरू नये. उकरल्याने हवा आत जाते, साल कुजण्याचा वेग वाढतो आणि नत्र आणखी ओढले जाते, शिवाय मुळे तुटतात ती वेगळीच. वरच्या थरातले मोठे तुकडे पंजाने हलकेच ओढून बाजूला काढावेत आणि जलद मिळणारे नत्र द्यावे. मी पेंड पाण्यात आठवडाभर आंबवून तिची निवळ दहापट पाण्यात मिसळतो आणि दर आठ-दहा दिवसांनी मुळांशी देतो. दोन-तीन वेळा दिल्यावर नवी पाने हिरवी येऊ लागतात. आधीच पूर्ण पिवळी झालेली खालची पाने मात्र परत हिरवी होत नाहीत, त्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे शेंड्याकडे पाहून ठरवावे.

बाजूला काढलेली साल फेकू नये, ती जमिनीवर आच्छादन म्हणून पसरावी. मातीत मिसळलेली साल आणि मातीवर पसरलेली साल यांत मोठा फरक आहे, कारण वर पसरलेल्या सालीचा मातीशी संबंध केवळ एका पातळ थरापुरता येतो आणि नत्राची ओढ तेवढ्यापुरतीच राहते. रुजलेल्या रोपांच्या मुळांना ती जाणवतही नाही. पाच ते सात सेंटिमीटरचा थर पुरतो, पण तो खोडापासून चार बोटे दूर ठेवावा, नाहीतर खोडाशी ओल धरून साल कुजते तसे खोडही कुजते.

ढीग मुळातून दुरुस्त करणे

खरा उपाय ढिगातच करावा लागतो. इथे मला सर्वांत महागात पडलेला समज म्हणजे "साल आहे ना, मग भरपूर शेण घाला, कुजेल." शेण उत्तम आहेच, पण हिशेब मांडून पाहिला तर ते एकटे पुरत नाही. समजा सुकी साल १० किलो आहे आणि तिच्यातील कर्ब-नत्राचे प्रमाण ३०० ला १ आहे. तिच्यात कर्ब अंदाजे ५ किलो असेल आणि नत्र जेमतेम १७ ग्रॅम. त्यात ताजे शेण २० किलो घातले तर वजन भरपूर वाटते, पण त्यातले सुमारे ८० टक्के पाणीच असते. उरलेल्या ४ किलो कोरड्या भागातून सुमारे ७० ग्रॅम नत्र आणि १.६ किलो कर्ब मिळतो. एकूण कर्ब ६.६ किलो आणि नत्र ८७ ग्रॅम, म्हणजे प्रमाण ७५ ला १ च्या आसपास. असा ढीग चार दिवस कोमट होतो आणि थंड पडतो, माझे तिन्ही ढीग असेच थंड पडले होते. त्यात ताजे कापलेले हिरवे गवत २० किलो मिसळले तर आणखी सुमारे १२० ग्रॅम नत्र आणि १.८ किलो कर्ब येतो आणि प्रमाण ४० वर उतरते. त्यावर ५ टक्के नत्र असलेली पेंड २ किलो घातली की ते ३० च्या जवळ येते. एक घनमीटर ढिगासाठी हे सगळे साधारण सहापट घ्यावे लागेल. गवत आणि शेण यांतले नत्र त्यांच्या ताजेपणानुसार बदलते, त्यामुळे हे आकडे दिशा दाखवणारे आहेत, ग्रॅमपर्यंत पाळायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. सालीतला सगळा कर्ब सूक्ष्मजीवांना एकदम मिळत नाही, कारण त्याचा मोठा भाग लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनमध्ये आणि सालीला जलरोधक बनवणाऱ्या सुबेरिनमध्ये बांधलेला असतो. म्हणून सालीच्या ढिगात कागदावरचे प्रमाण ३५ ते ४० राहिले तरी ढीग तापतो आणि माझ्या मते तेच अधिक सुरक्षित आहे. ३० च्या खाली जाण्याच्या हट्टाने जास्त पेंड घातली की पहिल्या आठवड्यातच अमोनियाचा झणझणीत वास येतो. तो वास म्हणजे हवेत उडून चाललेले नत्र होय. तापलेल्या ढिगात चुना मिसळला तरी हेच होते, म्हणून चुना ढिगातही घालू नये.

प्रमाण जमल्यानंतरही साल कुजत नसेल तर तुकड्यांचा आकार पाहावा. २० मिलिमीटरचा एक घन तुकडा ५ मिलिमीटरच्या बारीक तुकड्यांत कापला तर सूक्ष्मजीवांना मिळणारा पृष्ठभाग चौपट होतो. साल हातभर लांबीच्या पट्ट्यांतच ढिगात टाकली तर शेण कितीही घातले तरी ते पट्टीच्या कडेलाच काम करते. दुसरीकडे, साल भुशासारखी बारीक केली तर ढीग दाबला जातो आणि हवा बंद होते. ५ ते १५ मिलिमीटरचे मिश्र तुकडे मला सर्वांत उपयोगी वाटले. त्यातले बारीक तुकडे लवकर कुजतात आणि जाड तुकडे ढिगात पोकळी राखतात. हिरव्या गवताचा नुसता ढीग चिकट होऊन सडतो, सालीचा तसा होत नाही, याचे कारण या जाड तुकड्यांनी धरून ठेवलेली हवा हेच आहे.

यानंतर पाणी. बहुतेक जण इथेच फसतात, कारण कोरडी साल पाणी झटकून टाकते. वरून बादल्या ओतल्या तरी पाणी तुकड्यांवरून निथळून तळाशी जाते, जमीन ओली होते आणि ढिगाचा गाभा कोरडा राहतो. ढीग रचण्यापूर्वी साल एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवावी आणि मगच थर लावावेत. ती तरंगते, म्हणून वर गोणपाट घालून दगड ठेवावा लागतो. ढिगात ५० ते ६० टक्के ओलावा हवा. गाभ्यातले मूठभर मिश्रण घेऊन जोरात पिळल्यावर बोटांमधून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झाले आहे आणि मूठ उघडल्यावर मिश्रण सुटून पडले तर कमी आहे. सालीच्या ढिगात या चाचणीसोबत एक तुकडा मोडूनही पाहावा, कारण तुकड्यांवरचा चिखल ओला असताना तुकडा आतून कोरडा असू शकतो.

ढीग किमान एक मीटर लांब, रुंद आणि उंच असावा, त्याहून लहान ढिगात तयार झालेली उष्णता टिकत नाही. नीट रचलेला ढीग काही दिवसांत ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. ५५ अंशांवर काही दिवस राहिल्यास बहुतेक तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. पण हे फक्त गाभ्यात घडते, म्हणून कडेचे मिश्रण आत आणि आतले बाहेर येईल अशी उलथापालथ तीन-चार वेळा करावी लागते. तापमापक नसेल तर लोखंडी सळई दहा मिनिटे गाभ्यात खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर ती हातात धरवत नसेल तर ढीग चालू आहे. ७० अंशांच्या वर मात्र उपयोगी सूक्ष्मजीवही मरू लागतात, तेव्हा ढीग मोकळा करून थंड होऊ द्यावा.

ढीग थंडावला की अनेकांना काम संपले असे वाटते. सालीच्या बाबतीत खरे काम तिथून सुरू होते. तापलेल्या अवस्थेत जीवाणू साखर, प्रथिने आणि सेल्युलोजचा काही भाग संपवतात, पण लिग्निन फोडण्याचे काम मुख्यतः बुरशी करते आणि त्या बुरशीला एवढी उष्णता सोसत नाही. ढीग ४५ अंशांच्या खाली आल्यावर पांढरे तंतू तुकड्यांवर पसरू लागतात. हे तंतू पाहून काही तरी बिघडले असे समजून ढीग पुन्हा पुन्हा उलथू नये, त्याने तंतू तुटतात आणि मुरणे लांबते. पहिल्या दीड-दोन महिन्यांत उलथापालथ, त्यानंतर ओलावा राखून शांतपणे मुरू देणे, हा क्रम मी आता पाळतो. एकूण काळ सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत जातो आणि पाइनच्या सालीला सहसा जास्त लागतो. मुरण्याच्या याच काळात टॅनिन आणि टर्पीनही विघटित होतात. अक्रोडाच्या सालीतले जुग्लोन हे टोमॅटोवर्गीय पिकांना बाधणारे द्रव्यसुद्धा हवा आणि ओल मिळाली की ढिगात मोडते, पण अर्धवट ढिगावर त्याबाबत विसंबू नये.

ही वाट पाहण्याचे चीज होते. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात वनस्पतिरोगतज्ज्ञ हॅरी हॉइटिंक यांनी दाखवून दिले की नीट मुरलेले सालीचे कंपोस्ट कुंड्यांच्या मिश्रणात घातल्यास फायटोफ्थोरा आणि पिथियम या मुळकुज करणाऱ्या जीवांना आळा बसतो. ताज्या सालीला तो गुण नसतो. मुरलेल्या सालीत राहणारे उपयोगी सूक्ष्मजीव जागा आणि अन्न व्यापून रोगकारकांना डोके वर काढू देत नाहीत. साल बागेत वापरायचीच असेल तर ती पूर्ण मुरवून वापरावी असा माझा आग्रह आहे, त्याचे मोठे कारण हेच आहे.

इतर काही तक्रारी

साठवलेल्या सालीला व्हिनेगरसारखा किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर ती हवेविना आंबली आहे. अशा सालीत सेंद्रिय आम्ले साठतात आणि ती रोपांभोवती टाकताच काही तासांत पाने करपू शकतात. ती पातळ थरात पसरावी, पाणी मारून निथळू द्यावी आणि वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नये. ढिगावर पिवळा, फेसासारखा गोळा दिसला तर तो श्लेष्मकवक असतो, रोपांना त्याचा अपाय नाही, आणि फावड्याने आत मिसळला की संपतो. वाळवी दिसली तर ढीग कोरडा आहे असे समजावे, ओलावा आणि उष्णता वाढवल्यावर ती टिकत नाही. रंग दिलेल्या किंवा रसायनाने टिकवलेल्या लाकडाच्या ढलप्या मात्र सालीत मिसळून आल्या असतील तर त्या वेचून काढाव्यात, कारण त्यांतील जड धातू कितीही मुरवले तरी जात नाहीत.

खत तयार झाले हे कसे ओळखावे

रंगावर विसंबू नये, कारण माझी सगळी चूक काळ्या रंगावर विसंबण्यातून झाली. पाच-सहा तुकडे मोडून पाहावेत. ते बोटांच्या दाबाने चुरले पाहिजेत आणि आतला रंग बाहेरच्या रंगाजवळ आला पाहिजे. नंतर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस सावलीत ठेवावे. उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला तर खत मुरले आहे, आंबट किंवा अमोनियाचा वास आला तर ढीग अजून चालू आहे. शेवटी वर सांगितलेल्या तीन कुंड्या.

तयार खत १० ते १२ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळावे. खाली पडलेले वाफ्यात जाऊ द्यावे आणि चाळणीवर उरलेले जाड तुकडे नव्या ढिगाच्या प्रत्येक थरात पसरावेत. त्यांच्यावर वाढलेली बुरशी नव्या सालीला आयतेच विरजण लावते. माझ्याकडे आता दोन ढीग असतात, एक तापणारा आणि एक मुरणारा, आणि प्रत्येकात रचल्याची तारीख लिहिलेली पाटी खोचलेली असते.